‘वावटळ’ : एका शीर्षकाविषयी

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘वावटळ’ ही छोटेखानी कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यावर खेड्यापाड्यांतून ब्राह्मणांची घरे जाळली गेली, तो तिचा विषय. पुण्याहून गावाकडे निघालेले तरुण, वाटेवरचा संशय, आणि शेवटी राख. लेखक कोठेही आवाज चढवीत नाही. हा संयम हेच या कादंबरीचे बळ होय.

आमची तक्रार आहे ती शीर्षकाविषयी. वावटळ कोणी उठवीत नाही. ती येते, धूळ उडविते व निघून जाते. ज्या हाताने काडी ओढली त्यास हे रूपक फारच सहज मोकळे सोडते. (त्याच माणसांत पुन्हा नांदावयाचे असेल, तर अशी मोकळीक द्यावीही लागत असेल.)

त्या सायंकाळी पहिली धास्ती होती ती मारेकरी मुसलमान असण्याची. स्वातंत्र्य व फाळणी यांस सहा महिनेही लोटले नव्हते. मारेकरी हिंदू असल्याचे आकाशवाणीने मुद्दाम सांगितले, आणि त्या एका वाक्याने कित्येक मुसलमानांचे प्राण वाचले असावेत. परंतु नथुराम गोडसे हे नाव कळताच तोच प्रश्न दुसऱ्या दारी जाऊन उभा राहिला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर दगडफेकीत जबर जखमी झाले व १९४९ साली वारले. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस तर वाडेच्या वाडे जळाले. सावकारी व जातीचा तोरा यांवरील जुना राग खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यास परवाना मिळाला तो राष्ट्राच्या शोकातून, आणि जळाली ती घरे त्या हत्येशी काडीचाही संबंध नसलेल्यांची. मारेकऱ्याची जात विचारली गेली, तेव्हाच हे ठरून गेले होते.

नोव्हेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, शासकीय गणतीप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. तेथे विचारावेही लागले नाही. केस व पगडी पुरेशी होती.

प्रभूच्या अटकेच्या रात्री पेत्राला ओळखले गेले ते त्याच्या गालीली बोलीवरून. त्याच्या नकारावर आम्ही दर दुःखसप्ताहात प्रवचने करतो. शेकोटीशी बसून त्याची बोली हेरणाऱ्या माणसांवर प्रवचन केल्याचे मात्र आम्हांस आठवत नाही.