टॅरोची दहा पाने : एक चिकित्सा

टॅरोची पाने मांडून भविष्य सांगण्याचा व्यवसाय आज आपल्याकडील शहरांतही रूढ झाला आहे. तो घातक की उपकारक, या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात. एक पक्ष त्यास निखळ फसवणूक म्हणतो. दुसरा विचारतो, दुःखी माणसाला धीर मिळत असेल तर बिघडले कोठे? परंतु पानांची मांडणी कोणीच तपासून पाहत नाही. या परंपरेत प्रमाण मानला गेलेला आर्थर एडवर्ड वेट यांचा ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ (१९११) हा ग्रंथ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा ७८ पानांचा पत्त्यांचा एक खेळ होता. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ यांनी ही पाने प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा अवशेष असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती. शांपोल्यों यांनी तिचा उलगडा केला तो १८२२ साली. वेट यांनी जेबलँ यांचा दावा पुराव्याअभावी नाकारला, ही त्यांच्या ग्रंथाची जमेची बाजू होय. परंतु त्याच ग्रंथात दहा पानांच्या मांडणीला ते प्राचीन केल्टिक पद्धत म्हणतात आणि त्यास पुरावा देत नाहीत. एका प्राचीनतेला पुरावा मागावा व दुसरीला सूट द्यावी, ही या ग्रंथातील मूलभूत विसंगती आहे. केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश येथे लागू पडतो.

आता ती मांडणी पाहू. पहिले पान सद्यस्थितीचे, दुसरे अडथळ्याचे, तिसरे ध्येयाचे, चौथे पायाभूत कारणाचे, पाचवे सरलेल्या गोष्टीचे, सातवे स्वतःचे, आठवे घराचे व भोवतालच्या माणसांचे, नववे आशेचे व भयाचे. सहावे आणि दहावे ही दोनच स्थाने भविष्याची. म्हणजे दहापैकी आठ स्थाने माणसाला स्वतःकडे व आपल्या दुःखाच्या कारणांकडे पाहावयास लावतात. त्यात पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या संचासाठी काढलेली चित्रे बोलकी आहेत : अंथरुणात उठून बसलेली, तोंड हातांत लपविलेली व्यक्ती, सांडलेल्या पेल्यांपुढे मान खाली घालून उभा असलेला माणूस. अशा चित्रांत कोणासही आपला प्रसंग दिसावा, यात नवल नाही.

या अनुभवाला मानसशास्त्रीय आधारही आहे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना, ‘हे खास तुमचे स्वभाववर्णन’ असे भासवून, एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सारांश, अर्थ पानात नसतो. तो प्रश्नकर्ता स्वतः भरतो. उपकार होत असेल तर तो प्रश्नांचा व ऐकून घेणाऱ्याचा आहे, पिसलेल्या पानांचा नव्हे.

अपाय होतो तो सहाव्या व दहाव्या पानापाशी. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात अंगलक्षणे, स्वप्ने, ग्रहणे यांवरून भाकिते करणे, तसेच आरशाला प्रश्न विचारणे, या साऱ्यांची गणना तिरच्छानविज्जा म्हणून केली आहे आणि त्यांवर पोट भरणे हा मिथ्या आजीव ठरविला आहे. आक्षेपाचे एक कारण नक्खत्तजातकात स्पष्ट होते. ठरलेल्या विवाहाविषयी आपणास आधी विचारले नाही म्हणून रागावलेला आजीवक ‘आजचे नक्षत्र अशुभ’ असे सांगतो. वरपक्ष थांबतो आणि वधूचा विवाह दुसऱ्याशी लावला जातो. भविष्य सांगणाऱ्याचा राग वा लोभ भाकितात शिरला, तरी ऐकणाऱ्यास तो ओळखता येत नाही. विवाह, औषधोपचार, पैसा यांचे निर्णय जेव्हा पानावर सोपविले जातात, तेव्हा नुकसान प्रश्नकर्त्याचे होते. पान मांडणाऱ्यावर कोणतेही उत्तरदायित्व राहत नाही.

मग धीर कोठून मिळावा, असा प्रश्न राहतोच, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मृत बालकासाठी औषध मागणाऱ्या किसा गोतमीला तथागतांनी ना भाकीत सांगितले, ना खोटी आशा दाखविली. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहरी आणण्यास सांगितले. दारोदार फिरताना सत्य तिचे तिलाच उमगले. टॅरोच्या मांडणीतील आठ प्रश्न कल्याणमित्राने विचारावेत, समुपदेशकाने विचारावेत, प्रत्येकाने स्वतःलाही विचारावेत. त्यांसाठी पानांची गरज नाही. उरलेल्या दोहोंचे उत्तर मात्र कोणापाशीही विकत मिळत नाही, हे संकटात सापडलेल्या माणसाला सहानुभूतीने सांगणे, हेच आपले काम आहे.