‘गेम ऑफ डेथ’ : उणिवा, औचित्य आणि प्रेक्षकाची आपुलकी

प्रस्तावना

चित्रपटसमीक्षेत ‘चांगला’ आणि ‘आवडता’ ही विशेषणे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात. वस्तुतः कलाकृतीचे मूल्य आणि तिच्याविषयीची आपुलकी यांत अंतर असू शकते. १९७८ मध्ये प्रदर्शित झालेला हाँगकाँगचा युद्धकलापट ‘गेम ऑफ डेथ’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. सदोष असूनही हा चित्रपट प्रिय का राहिला आणि ही आपुलकी त्याच्या सर्वच दोषांवर पांघरूण घालू शकते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

ब्रूस ली याने १९७२ मध्ये स्वतःच्या दिग्दर्शनाखाली या चित्रपटाचे चित्रीकरण आरंभिले. मनोऱ्याचा एकेक मजला सर करीत जाणारा नायक आणि मजल्यामजल्यावर निराळ्या युद्धशैलीचा रक्षक, अशी मूळ कल्पना होती. ‘एंटर द ड्रॅगन’साठी हे काम थांबले आणि २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, लीचे निधन झाले. पुढे रॉबर्ट क्लाउझ या दिग्दर्शकाने नवे कथानक रचून चित्रपट पूर्ण केला. गुन्हेगारी टोळीला न जुमानणारा नट बिली लो, चित्रीकरण चालू असताना त्याच्यावर झाडलेली गोळी, मृत्यूचे सोंग आणि सूड असे हे कथानक आहे. लीने चित्रित केलेल्या भागापैकी सुमारे ११ मिनिटेच त्यात समाविष्ट झाली.

दोषांचे स्वरूप

उर्वरित भागात लीच्या जागी बदली नट आहेत. त्यांचे चेहरे काळ्या चष्म्याआड, खोट्या दाढीआड किंवा अंधारात लपविले आहेत. जुन्या चित्रपटांतील लीची समीपदृश्ये मध्येच जोडल्याने प्रकाश व पार्श्वभूमी यांचा मेळ बसत नाही. एका प्रसंगी तर आरशावर लीच्या चेहऱ्याचे कात्रण चिकटविलेले उघड दिसते. मूळ चित्रणात नायकासोबत असलेले दोन साथीदार वगळले गेले आणि मनोऱ्याची जागा एका उपाहारगृहाच्या इमारतीने घेतली.

आपुलकीची कारणे

तरीही अखेरच्या ११ मिनिटांत चित्रपटाचा कायापालट होतो. पिवळ्या पोशाखातील ली आणि डॅन इनोसांटो यांचे नानचाकूचे द्वंद्व वेग व विनोद यांचा सुंदर मेळ साधते. त्यानंतर जी हान-जे आणि शेवटी सात फुटांहून उंच करीम अब्दुल-जब्बार समोर येतात. अब्दुल-जब्बारचे डोळे प्रकाश सहन करू शकत नाहीत हे ध्यानी येताच नायक खिडक्या फोडून उजेड आत घेतो. परिस्थितीनुसार युक्ती बदलावी, हा लीच्या युद्धविचाराचा गाभा येथे संवादाविना प्रकटतो. आधीच्या भागातील तोतयेगिरीमुळे खऱ्या लीचे हे आगमन अधिकच उठावदार होते. अर्थात, प्रेक्षकाचे प्रेम दोष न दिसल्याने जडलेले नाही. प्रत्येक ढिसाळ जोड त्याला लीच्या अनुपस्थितीची आठवण करून देते आणि त्या आठवणीतच आपुलकीचे मूळ आहे.

औचित्याचा प्रश्न

मात्र सर्व दोष एका मापाने मोजता येत नाहीत. बिली लोच्या खोट्या अंत्ययात्रेसाठी लीच्या खऱ्या अंत्यविधीचे चित्रण वापरले असून शवपेटीतील त्याचा चेहराही दाखविला आहे. क्षेमेंद्राने औचित्याला रसाचे जीवित मानले. त्या दृष्टीने पाहता कात्रणाच्या ठिकाणी केवळ रसभंग होतो आणि प्रेक्षक हसून पुढे जातो. शवपेटीचे दृश्य मात्र अनौचित्याचे आहे, कारण तेथे एका माणसाचा खरा मृत्यू कथानकाची सोय म्हणून राबविला जातो. पहिला दोष साधनांच्या तोकडेपणातून, तर दुसरा निवडीतून आला आहे. तोकडेपणाला प्रेम सांभाळून घेते. निवडीचा जाब समीक्षेने विचारलाच पाहिजे.

समारोप

लीने चित्रित केलेला मनोऱ्यातील भाग पुढे २००० मध्ये ‘ब्रूस ली : अ वॉरियर्स जर्नी’ या माहितीपटातून अधिक पूर्ण रूपात समोर आला. तरीही १९७८ चा चित्रपट विस्मृतीत गेला नाही. ‘रोग वन’ (२०१६) मध्ये दिवंगत पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने पुन्हा साकारण्यात आला. अशा काळात ‘गेम ऑफ डेथ’चा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. त्या कागदी चेहऱ्याने कोणाचीही फसगत झाली नाही. ली आता नाही, हे प्रत्येक प्रेक्षकाला कळत होते. तंत्र निर्दोष झाल्यावर ही जाणीवच पुसली जाण्याचा संभव आहे. म्हणून या चित्रपटावर प्रेम करावे; परंतु शवपेटीच्या दृश्यापाशी ते प्रेम थबकले पाहिजे.