दहा राग, एक ठेका

चरणजित सिंग यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली आणि विस्मृतीत गेली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाऊस’ नृत्यसंगीताची चाहूल तिने काही वर्षे आधीच दिली होती, असा पाश्चात्य रसिकांनी तिचा गौरव केला. तेव्हापासून ती मला प्रिय आहे. परंतु परवा इथे अंबाजोगाईत पुन्हा ऐकताना वाटले, की पहिलेपणा हा काही कलागुण नव्हे.

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंताने रोलंडची तीन यंत्रे एकत्र आणली. एक ठेका धरते, दुसरे खर्जातली स्वरावली घोळवीत राहते, तिसऱ्यावर राग वाजतो. खर्जाची ती न थकणारी आवर्तने तंबोऱ्याच्या जातीची आहेत, आणि प्रयोगाचे मर्म मला तिथेच दिसते. त्या आधारावर ललितातले दोन मध्यम लागोपाठ येतात, तेव्हा यंत्राच्या कोरड्या आवाजातही हुरहूर उमटते. मालकंसाची मात्र कुचंबणा होते. त्याला हवा असलेला विसावा पाचएक मिनिटांच्या या धावत्या लयीत कुठून मिळावा? भैरवाचे गांभीर्य आणि मेघमल्हाराचा गडगडाट एकाच मापाने मोजले जातात.

शुद्धतावादी याला रागाची विटंबना म्हणतील. मला तसे वाटत नाही. स्वरांचे परस्परनाते जिथे टिकते तिथे राग टिकतो, मग ठेका कोणताही असो. २०१५ साली सिंग गेले. पहिलेपणाचा वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा. आपण तो ललित ऐकावा.