ख्रिस्ती दृष्टीतून इस्लाम : गैरसमजांच्या परंपरेची चिकित्सा

प्रस्तावना :

ख्रिस्ती जगतात इस्लामविषयी जे गैरसमज रूढ झाले, त्यांचे कारण सामान्यतः अज्ञान हेच सांगितले जाते. हे प्रतिपादन अंशतः खरे असले तरी पुरेसे नाही. माहिती उपलब्ध झाल्यानंतरही अनेक गैरसमज टिकून राहिले. त्यामुळे त्यांचे मूळ माहितीच्या अभावाइतकेच आकलनाच्या चौकटीतही शोधावे लागते. प्रस्तुत लेखात निवडक ग्रंथांच्या आधारे हा मुद्दा तपासला आहे.

अज्ञान आणि पूर्वग्रह :

'रोलाँचे गीत' या मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यात मुसलमान हे महंमदासह तीन दैवतांच्या मूर्ती पूजतात, असे दाखविले आहे. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या धर्माचे हे चित्र वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. काव्याला आधारभूत असलेल्या इ. स. ७७८ च्या लढाईत शार्लमेनच्या सैन्यावर हल्ला करणारे बास्क लोक होते. काव्याने त्यांच्या जागी मुसलमानांना उभे केले. येथे अज्ञानाचे कारण मान्य करता येते.

दमास्कसचे संत योहान यांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. आठव्या शतकातील या धर्मपंडिताचे घराणे उमय्या खलिफांच्या प्रशासनात होते. मुसलमान एकेश्वरवादी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी इस्लामची गणना पाखंडी मतांमध्ये केली. पुढे क्लूनीचे मठाधिपती पीटर यांच्या पुढाकाराने केटनच्या रॉबर्टने ११४३ मध्ये कुराणाचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले; १५४३ मध्ये ते बाझल येथे छापले गेले. ग्रंथ हाती आला, परंतु तो प्रामुख्याने खंडनासाठी. निष्कर्ष वाचनापूर्वीच ठरलेला होता.

'महंमदी धर्म' ही संज्ञा :

चौकटीचा दोष या संज्ञेत स्पष्ट दिसतो. ख्रिस्ताच्या नावाने ख्रिस्ती धर्म, म्हणून महंमदाच्या नावाने महंमदी धर्म, असे हे समीकरण आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनातही ही संज्ञा आढळते. वस्तुतः मुसलमान पैगंबरांची उपासना करीत नाहीत. एच. ए. आर. गिब यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने १९४९ च्या आपल्या ग्रंथाला हेच शीर्षक दिले, ही बाब लक्षणीय आहे. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५७ मध्ये या तुलनेतील चूक दाखवून दिली : ख्रिस्ती धर्मात ख्रिस्ताचे जे स्थान, ते इस्लाममध्ये पैगंबरांचे नसून कुराणाचे आहे. दोन्ही परंपरांत ईश्वरी शब्द प्रकट होतो; एकीत तो व्यक्तीच्या रूपाने, तर दुसरीत ग्रंथाच्या रूपाने.

१९६५ ची घोषणा व तिची मर्यादा :

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' ही घोषणा प्रसृत केली. मुसलमान एकाच ईश्वराची उपासना करतात, येशूला प्रेषित मानतात व मरियेचा आदर करतात, याची तीत आदराने नोंद आहे. शतकानुशतकांच्या वैरानंतर हे पाऊल निःसंशय महत्त्वाचे होते. तथापि, या परिच्छेदात महंमद पैगंबर किंवा कुराण यांचा नामोल्लेखही नाही. म्हणजेच, इस्लाममधील जे ख्रिस्ती श्रद्धेशी जुळते, त्याचीच प्रामुख्याने दखल घेतली गेली. स्वीकाराचा मापदंड येथेही स्वतःच्याच परंपरेचा राहिला.

समारोप :

गैरसमज दूर करणे म्हणजे मतभेद पुसून टाकणे नव्हे. त्रैक्याचा सिद्धान्त इस्लामला मान्य नाही. येशूला क्रूसावर मारले गेले, हे कुराण नाकारते. हे भेद खरे आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले गेले पाहिजेत. मात्र, परधर्मीय स्वतःच्या श्रद्धेचा जो अर्थ लावतो, तो आधी समजून घेतल्याशिवाय केलेली टीका ही त्या धर्माची टीका ठरत नाही. ती टीकाकाराच्याच कल्पनेची टीका असते. महाविद्यालयांतून धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकविताना हा विवेक पाळणे अगत्याचे आहे.