वेबपानावरचा वऱ्हाड

वऱ्हाड हा शब्द संगणकावर लिहिणे ही एक परीक्षाच आहे. त्यातला 'ऱ्ह' हा रफाराचा र नव्हे. तो आडवा, पापणीसारखा र आहे. बिऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, कऱ्हाड या शब्दांत तो आहे आणि हिंदीत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांना तो सुचत नाही, आणि इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांना तर देवनागरीच सुचलेली नसते. अमरावती-अकोल्यातल्या संस्थांची, महाविद्यालयांची, बचतगटांची, कृषी सेवा केंद्रांची पाने गेली काही वर्षे मी नेमाने पाहतो. आपल्या प्रदेशाचे नाव त्यांवर 'वर्हाड' असे छापलेले अनेकदा दिसते, आणि ते कुणाला खटकतही नाही.

ही पाने बहुतेक दृश्य संपादकात तयार होतात. म्हणजे संकेतभाषा न लिहिता पडद्यावर शीर्षकाची चौकट ओढून आणायची, तिच्यात मजकूर टाकायचा आणि बाजूच्या पटलावरून अक्षराचा आकार, जाडी, रंग, ओळींमधले अंतर ठरवायचे. वर्डप्रेससाठी एलिमेंटर २०१६ साली आले; डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने स्वतःचा ठोकळ्यांचा संपादक मूळ प्रणालीतच बसवला. या साधनांनी मोठे काम केले हे आधीच मान्य करायला हवे. ज्याला एचटीएमएलचा एक शब्द येत नाही अशा मूर्तिजापूरच्या दुकानदारालाही आता स्वतःचे पान उभे करता येते. माझी तक्रार या सोयीविषयी नाही. 'दिसते तेच मिळते' हे या साधनांचे मूळ वचन मराठीच्या बाबतीत खरे ठरत नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

ओळींमधल्या अंतराचेच पाहा. एलिमेंटरच्या परिचित शीर्षक-घटकात ओळीची उंची मुळातच १ ठेवलेली असते, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढीच. रोमन मोठ्या अक्षरांना ती पुरते, शोभूनही दिसते. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. 'मूर्तिजापूर' या एका नावात वर वेलांटीसह रफार आहे आणि खाली दोन दीर्घ उकार. असे शीर्षक दोन ओळींत मोडले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. खिळ्यांच्या छापखान्यातला जुळारी दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत असे. कुठे पातळ, कुठे जाड, हे त्याला मजकूर पाहूनच कळे. इथे पट्टी घालण्याची सोय आहे, पण ती घालावी लागते हे सांगणारे कुणी नाही. आणि दोष दिसतो केव्हा? तयार करणाऱ्याच्या रुंद पडद्यावर शीर्षक एका ओळीत मावते, सगळे ठाकठीक असते. ते मोडते वाचणाऱ्याच्या मोबाइलवर. तयार करणारा आणि वाचणारा एकच पान पाहत नाहीत, आणि मोबाइलचे दृश्य तपासण्याची कळ पटलावर असूनही ती घाईत कुणी दाबत नाही.

फॉन्टच्या यादीतही असाच फसवा खेळ आहे. एलिमेंटर सुरुवातीला रोबोटो आणि रोबोटो स्लॅब देते. रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. तेव्हा ब्राउझर मुकाट्याने दुसरा फॉन्ट लावतो: विंडोजवर बहुधा निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर. पटलावर नाव रोबोटोचेच राहते. तयार करणाऱ्याला वाटते आपण निवड केली. प्रत्यक्षात निवड वाचकाच्या यंत्राने केलेली असते.

अक्षरांमधले अंतर वाढवणे हा तर मराठीत सरळ अपराध आहे. इंग्रजी शीर्षकांना ते ऐसपैस रूप देते. देवनागरीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. तयार साच्यांमध्ये हे अंतर पुष्कळदा आधीच भरलेले असते. फॉन्टात जाड वळण नसेल तर ब्राउझर अक्षर फुगवून खोटे जाड करतो आणि ष, क्ष यांची पोटे बुजतात. तिरपे अक्षरही बहुधा असेच, नुसते ढकललेले. दोन्ही बाजू सरळ करण्याच्या हौसेबद्दल काय बोलावे! अरुंद रकान्यात 'महाविद्यालयाच्या' सारखा शब्द आला की ओळीत खड्डे पडणारच.

पण हे सगळे दिसण्याचे दोष झाले. वऱ्हाडातला र त्याहून खोल जातो, कारण तिथे मजकूरच बदलतो. युनिकोडमध्ये हा आडवा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यावर हलन्त, मग पुढचे व्यंजन. हे अक्षर तक्त्यात मुळात द्रविड भाषांतल्या र-साठी नोंदलेले आहे. त्याचे अर्धे रूप आपल्या कामी येते. दुसरी रीत म्हणजे साधा र, हलन्त आणि मध्ये एक शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक. ती जुन्या आवृत्तीशी सुसंगतीसाठी राखलेली आहे. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, पण अक्षरशः जुळवणी करणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द असतात. त्यातला अदृश्य जोडक मजकूर 'साफ' करणाऱ्या एखाद्या साधनात गळला, किंवा जुन्या फॉन्टातून रूपांतर करताना आलाच नाही, तर र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो.

याचा फटका आपल्याकडे कुठे बसतो? 'शेतकरी' या शब्दाला विभक्ती लागली की तो शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांचा होतो. ज्या अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्या भागातल्या शेतीविषयक मजकुरात हा शब्द ओळीआड येणार. तो तीन तऱ्हांनी लिहिला जातो: दोन बरोबर पण आतून वेगळ्या, आणि तिसरी 'शेतकर्यांना' अशी चुकलेली. मोठी शोधयंत्रे हे बऱ्याचदा सांभाळून घेतात. एखाद्या संस्थेच्या पानावरची साधी शोधपेटी, पीककर्जाची यादी किंवा योजनांचा तक्ता सांभाळून घेईलच असे नाही. ज्याच्यासाठी पान केले त्याचेच नाव पानाला सापडू नये, हे मला किरकोळ वाटत नाही.

अमरावती जिल्ह्यात तर दोन्ही र शेजारी नांदतात. दर्यापूरला रफार हवा, चिखलदऱ्याला आडवा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. 'चिखलदर्याच्या दर्या पाहायला या' असे एखाद्या सहलवाल्याने लिहिले की मेळघाटात समुद्र येतो.

दृश्य संपादक इथे काही करू शकला असता. तळाशी लाल रेघ ओढता आली असती, दोन रीतींतली एक निवडून सगळीकडे तीच ठेवता आली असती. निदान पानाची भाषा मराठी आहे हे पटलावरच विचारता आले असते. भाषेची ही नोंद साइटच्या सेटिंगमध्ये दडलेली असते आणि पुष्कळ ठिकाणी ती इंग्रजीच राहते. परिणाम असा की अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणारे साधन चुकीचा आवाज निवडू शकते. ज्या फॉन्टांत मराठी व हिंदी वळणाचे ल आणि श दोन्ही आहेत, ते मराठी वळण वापरत नाहीत. ल आणि श यांच्या वळणांविषयी राज्य शासनाने २००९ मध्ये निर्णय काढला. पानाला स्वतःची भाषाच माहीत नसेल तर तो निर्णय पाळणार कोण?

या सगळ्याला लोकांनी आपल्या परीने एक उत्तर शोधले आहे. सूचना जुन्या फॉन्टात, कोरलड्रॉमध्ये जुळवायची, तिचे चित्र करायचे आणि ते चित्र पानावर डकवायचे. याला आळस म्हणणे मला पटत नाही. चित्रात उकार कापला जात नाही, र उडी मारत नाही. जुळवणाऱ्याने जे पाहिले तेच दर्यापूरच्या मोबाइलवर उमटते. अक्षरांनी जे वचन मोडले ते चित्र पाळते. मात्र त्या चित्रातला शब्द शोधात येत नाही, ऐकवता येत नाही, उतरवून घेता येत नाही, आणि छोट्या पडद्यावर बोटांनी मोठा करत सरकवावा लागतो.

पान तयार करणाऱ्यांना मी एक वाक्य देतो: 'वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी मूर्तिजापूर, दर्यापूरमार्गे चिखलदऱ्याच्या दऱ्या पाहिल्या.' ते शीर्षकाच्या चौकटीत टाकावे. ओळीची उंची दीडपर्यंत न्यावी, अक्षरांमधले अंतर शून्य करावे, फॉन्ट मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी असा, देवनागरी खरोखर असलेला निवडावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट धरले की ऱ येतो. मग ते पान घरातल्या सगळ्यांत जुन्या मोबाइलवर उघडून पाहावे.