‘जात कहाँ हो’ : गीत, अर्थ आणि आवरण

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. तेरेखोलच्या मुखाशी वसलेली पेडण्याची केरी, चोर्लाघाटाच्या पायथ्याची सत्तरीची केरी आणि फोंडा महालातली केरी. या तिसऱ्या केरीत १३ जुलै १८९२ रोजी केसरबाई केरकर यांचा जन्म झाला. त्यांच्या एका लहानशा भैरवीला जगातले सर्वांत आगळे आवरण लाभले. केसरबाईंचा मोठेपणा सर्वमान्य असल्याने त्याविषयी आम्ही लिहिणार नाही. हे प्रेमगीत काय म्हणते आणि त्याचे आवरण काय सांगते, एवढ्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

‘जात कहाँ हो’ ही रचना ब्रज वळणाच्या बोलीतली. ध्वनिमुद्रिकेत ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. शीर्षकातले तीनच शब्द तिचा सारा भार वाहतात. कुठे निघालीस, एवढेच कोणी तरी एकटीने निघालेल्या स्त्रीला विचारते आहे. असा प्रश्न रागाने विचारता येतो, लाडाने, संशयाने किंवा काळजीनेही विचारता येतो. ठुमरीच्या अंगाने जाणाऱ्या गायनाचे मर्म हेच, की शब्द तेच राहतात आणि दर आवर्तनात त्यांचा भाव पालटतो. केसरबाई मुळात ख्यालाच्या गायिका. अल्लादियाखाँसाहेबांकडे १९२१ पासून त्यांनी जी कठोर तालीम घेतली, तिची शिस्त या छोट्या चीजेतही जाणवते. आवाज मोकळा, भरदार. लाडीगोडी नाही, रडवेपणा तर नाहीच. म्हणून हा प्रश्न आर्जवाच्या पातळीवर न राहता काळजीच्या पातळीवर जातो.

भैरवीने मनाची व्यथा शमते, असे आपल्याकडे फार सहजपणे म्हटले जाते. अमुक राग अमुक व्याधीवर, असे कोष्टक मांडण्यात आम्हांला रस नाही. मात्र उपशम या शब्दाला येथे एक नेमका अर्थ आहे, असे आमचे मत आहे. हे गीत सांत्वन करीत नाही. सारे ठीक होईल, असे ते कोठेही म्हणत नाही. ते फक्त विचारते. दुखावलेल्या माणसाला पुष्कळदा उपदेशापेक्षा कोणी तरी थांबवून विचारण्याचीच गरज असते. या गीतातले औषध, म्हणायचेच तर, त्या विचारण्यात आहे.

हा अर्थ केसरबाईंच्या कंठातून येतो तेव्हा त्याला आणखी एक पदर सुटतो. त्या कलावंत समाजातल्या. देवळांच्या उत्सवांत आणि यजमानांच्या बैठकींत या समाजातल्या स्त्रियांनी गायचे आणि मानकऱ्यांनी ऐकायचे, ही गोव्याची जुनी रीत. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना ती ठाऊक नाही, असे नाही. गाणे आवडीने ऐकले गेले, बिदागीही दिली गेली. पण गाणारीला तू कुठे निघालीस, असे फारसे कोणी विचारले नाही. केसरबाई निघाल्या होत्या. लहानपणीच कोल्हापुरात अब्दुल करीमखाँसाहेबांकडे, पुढे डिचोली महालातल्या लामगावी रामकृष्णबुवा वझ्यांकडे आणि अखेर मुंबईला. ज्यांना हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही, त्यांच्यापैकीच एकीने तो गावा, यात या गीताची खरी धार आहे.

आता आवरणाकडे वळू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात गीताला स्वतःचे असे आवरण बहुधा नसे. कंपनीच्या नावाची कागदी पिशवी, तिच्या मध्यभागी गोल खिडकी आणि खिडकीतून दिसणारी चिठ्ठी, एवढाच थाट. त्याही आधी, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःच्या आवाजात आपले नाव सांगत. तबकड्या परदेशात घडत आणि तेथल्या कारागिरांना गायिकेची ओळख पटावी, म्हणून ही तरतूद. गाणारीची ओळख गाण्यातच कोरलेली होती, हा त्या गैरसोयीतून झालेला लाभ म्हटला पाहिजे.

‘जात कहाँ हो’ची पिशवीही तशीच साधी असणार. पण १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर मानवजातीचा संदेश म्हणून ज्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसविल्या गेल्या, त्यांतील २७ संगीतरचनांमध्ये ही भैरवी निवडली गेली. संगीतज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचविली होती. त्याच तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

या तबकडीचे आवरण ॲल्युमिनियमचे, सुवर्णवर्णी. त्यावर चित्रे आहेत, पण चेहरा नाही. वर डावीकडे तबकडी आणि तिच्यावर सुई कोठे ठेवावी याची आकृती. उजवीकडे ध्वनीतून चित्रे कशी उमटवावीत याची रीत. खाली डावीकडे १४ स्पंदकताऱ्यांच्या आधाराने दाखविलेले आपल्या सूर्याचे स्थान. उजवीकडे काळाचे माप समजावे म्हणून हायड्रोजनच्या अणूच्या दोन अवस्था. आवरणावर युरेनियमचा एक सूक्ष्म थरही आहे. त्याच्या क्षयावरून तबकडीचे वय काढता यावे.

चित्रकलेच्या कसोटीवर हे आवरण रूक्ष वाटेल. तरी ते आम्हांला अर्थपूर्ण वाटते, कारण त्यातला एक योगायोग विलक्षण आहे. आवरण सांगते, आम्ही कोठून आलो. आतले गीत विचारते, तुम्ही कुठे निघालात. ताऱ्यांचा नकाशा काढणाऱ्यांनी हा मेळ योजला होता, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. पण उत्तम आवरणाचे काम गीताला सजविण्याचे नसून त्याच्याशी संवाद साधण्याचे असते, असे मानले तर हा संवाद येथे घडला आहे.

उणीव एकच, आणि ती लहान नाही. या आवरणावर कोणाचेही नाव नाही. बाखचे नाही, बीथोव्हेनचे नाही, केसरबाईंचेही नाही. परग्रहावरच्या कोणाला आपली अक्षरे वाचता येणार, असा युक्तिवाद केला जाईल. तो रास्तही आहे. बाख-बीथोव्हेनांची नावे आवरणावर नसली तरी पृथ्वीवर ती पुसली जाण्याचे भय नाही. केसरबाईंच्या समाजातल्या कितीएक गायिकांची नावे मात्र पृथ्वीवरच नोंदली गेली नाहीत. तेव्हा आवरणाला दोष देण्यापूर्वी ही नोंद कोणी करायची होती, हे आपण आपल्यालाच विचारावे. फोंड्याच्या केरीत केसरबाईंच्या नावाने शाळा आहे, त्यांच्या स्मृत्यर्थ संगीत समारोह भरतो, हे समाधानाचे आहे. परंतु पेडणे-डिचोलीच्या देवळांतून ज्या गाऊन गेल्या, त्यांची नावे वृद्धांच्या तोंडी असतील तोवरच उतरवून घेतली पाहिजेत. एका नामांकित गायिकेचा गौरव करून ते ऋण फिटत नाही.

व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर रोजी, मुंबईत केसरबाई निवर्तल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. त्याच्याबरोबर जाणारा प्रश्न आता कोणाच्या कानी पडेल, हे सांगता येत नाही. आपल्या कानी मात्र तो पडलेला आहे.