भाड्याच्या वस्तूतील दोष व घेणाऱ्याचे उपाय : कलम १५० चे परीक्षण

जंगम वस्तू भाड्याने घेणाऱ्याचा भारतातील मुख्य आधार १८७२ चा कराराचा कायदा हाच होय. असा व्यवहार त्यातील ज्या प्रकरणाखाली येतो, त्यास मराठीत 'निक्षेप' म्हणतात. हा शब्द मनू व नारद यांच्या व्यवहारपदांतील असला, तरी त्यामागील कल्पना इंग्रजी विधिपरंपरेची आहे.

या प्रकरणातील कलम १५० घेणाऱ्यास विशेष अनुकूल आहे. वस्तू फुकट वापरावयास दिली असेल, तर देणारा केवळ स्वतःस ठाऊक असलेल्या दोषांपुरता जबाबदार ठरतो. भाड्याने दिली असेल, तर दोष ठाऊक नव्हता ही सबब त्यास सांगता येत नाही. कलमास जोडलेली दोन उदाहरणे हा भेद स्पष्ट करतात : खोडकर घोडा उसना देणारा आपल्या माहितीमुळे बांधला जातो, तर असुरक्षित गाडी भाड्याने देणारा अज्ञानातही बांधला जातो. भाडे घेणाऱ्याने वस्तूच्या योग्यतेचा भारही उचलावा, हे यामागील तत्त्व निःसंशय न्याय्य आहे.

तथापि या तत्त्वास दोन बाजूंनी उणेपणा येतो. पहिला उणेपणा उपायांचा. कलम १५० दोषातून प्रत्यक्ष उद्भवलेल्या हानीची जबाबदारी सांगते. वस्तू परत करणे, भाडे रोखणे किंवा बदली वस्तू घेऊन वाढीव खर्च वसूल करणे यांविषयी ते मौन पाळते. त्यासाठी करारभंगाच्या सामान्य कलमांकडे, म्हणजे ३९, ७३ व ७५ यांकडे, वळावे लागते. शिवाय कलम १५२ मध्ये विशेष कराराचा अपवाद स्पष्ट नमूद आहे, तसा तो कलम १५० मध्ये नाही. मग छापील करारातील एका वाक्याने ही जबाबदारी झटकता येते काय, हा प्रश्न कायद्याची भाषा निःसंदिग्धपणे सोडवीत नाही.

दुसरा उणेपणा अधिक गंभीर आहे. कलमाची रचना दोन पक्षांची आहे; आधुनिक वित्तीय भाडेकरारात पक्ष तीन असतात. छापखान्याचा मालक यंत्र निवडतो, वित्तसंस्था ते विकत घेते आणि त्यास भाड्याने देते. यंत्र सदोष निघाले, तर १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातील गर्भित अटींचा लाभ खरेदीदारास, म्हणजे वित्तसंस्थेस, मिळतो. परंतु तिचे भाडे चालूच असल्याने तिची हानी होत नाही. हानी होते छापखान्याची, आणि विक्रेत्याशी त्याचा करारच नसतो. ज्यास हक्क त्यास हानी नाही, ज्यास हानी त्यास हक्क नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. भाडेखरेदीपुरत्या गर्भित अटी सांगणारा १९७२ चा कायदाही प्रत्यक्ष अमलात न येताच २००५ मध्ये रद्द झाला.

अमेरिकेच्या एकरूप वाणिज्य संहितेतील '२ अ' या १९८७ च्या विभागाने ही कोंडी ओळखली. कराररद्दता, दिलेल्या भाड्याची न्याय्य परतफेड, बदली वस्तू व नुकसानभरपाई हे उपाय त्याने एकत्र मांडले. विक्रेत्याची आश्वासने थेट वस्तू वापरणाऱ्यापर्यंत पोहोचविली. परंतु त्याची किंमतही वसूल केली. वित्तीय भाडेकरार ग्राहकाचा नसेल, तर वस्तू स्वीकारताच भाडे देण्याचे वचन अपरिवर्तनीय होते. आणि दोष आधी सापडणे कठीण होते, एवढ्या कारणावरून स्वीकार मागे घेता येत नाही. म्हणजे कलम १५० च्या उदाहरणातील अज्ञात दोषाची जोखीम, निदान वित्तसंस्थेपुरती, तेथे वापरणाऱ्याच्याच माथी येते.

म्हणून त्या संहितेचे जसेच्या तसे अनुकरण हितावह ठरणार नाही. विक्रेत्याविरुद्ध थेट हक्क तीतून अवश्य घ्यावा. परंतु गुप्त दोष सिद्ध झाल्यास तो दूर होईपर्यंत भाडे रोखण्याचा हक्क त्यास जोडावा. वित्तसंस्थेस यंत्र तपासता येत नाही हे खरे. मात्र विक्रेत्याशी करार तीच करते, आणि आपले नुकसान त्याच्याकडून भरून घेण्याची तरतूद त्या करारात तिला करता येते. बंद यंत्राचे भाडे भरणाऱ्या छापखान्यास मात्र असा मार्ग उपलब्ध नसतो.